प्रश्न ठेवा, मग कणीस घ्या

पौष लागला की माझ्या उजव्या तळहाताला खाज सुटते. आमच्या सेलूत लोक म्हणतात, पैसा येणार. माझ्या तळहाताला पैशाची सवय नाही. तिथे अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा एक डाग आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि हुरड्याचे दिवस आले की तो जागा होतो. डॉक्टर म्हणतात, थंडीनं कातडी ओढली जाते. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, तुमचं संशोधन तुम्ही चालू ठेवा. माझं वेगळं आहे."

परवा वालूरच्या शेतात अगदी तीच हवा होती. धुकं नुकतंच उठलेलं, ज्वारीच्या ताटांच्या पानांवर दव, पाठीवर कोवळं ऊन. हातभर खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खोचलेली हिरवी कणसं, आणि तो धूर, जो सदऱ्याला एकदा चिकटला की तिसऱ्या धुण्यालाही ओळख सोडत नाही. बायकोनं जवसाची चटणी आणली होती. माझा पुतण्या विनायक शेजारी बसला होता. तो परभणीला शेतकी कॉलेजात शिकतो. पुढं त्याला संशोधन करायचंय. कणसाकडं न बघता तो खिशातल्या कागदाकडं बघत होता.

"काका, ह्यात एक रकाना हाय," तो म्हणाला. "शास्त्र का कला. एकावरच खूण करायची. मला ज्वारीवरली कीड बी बघायचीय, अन् त्या किडीला गावोगाव काय काय नावं हायेत ते बी बघायचंय. तर सर म्हणाले, दोन्हीवर खूण केली की फॉर्म बाद."

मी इतक्या मोठ्यानं हसलो की चार ताटांवरची पाखरं उडाली. त्या रकान्याची आणि माझी फार जुनी ओळख आहे. आमच्या वेळी तो छापलेला नव्हता, इतकंच.

निजामाचं राज्य तेव्हा संपत आलं होतं, पण ते संपत आलंय हे राज्याला माहीत नव्हतं आणि आम्हालाही. मी पंचविशीतला, सेलूच्या सरकारी शाळेत हिशेबाचा मास्तर. हिशेब उर्दूतून शिकवायचो. घरी मराठी बोलणारी पोरं मनात मराठीत गुणाकार करायची, तो उर्दूत फिरवायची आणि मग उत्तर द्यायची. त्या फिरवण्याच्या मधल्या वेळात वर्गात जांभई जन्माला येई. मी फळ्याकडं तोंड करून उभा असलो तरी ती मला पाठीला कळे. एकाला आली की शेजारच्याला, मग मागच्या रांगेत, मग खिडकीत बसलेल्या शिपायाला. एके दिवशी मी ठरवलं की हिशेब गेला खड्ड्यात, ही जांभई जाते कुठं ते बघायचं. वहीच्या मागच्या पानांवर वर्गाचा नकाशा काढला आणि बाण मारायला लागलो. कुणापासून निघाली, कुणापाशी पोचली, कुणाला चुकवून गेली. वर्षभरात माझ्याकडं जांभयांचा असा नकाशा तयार झाला, जसा रेल्वेकडं गाड्यांचा असतो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपण एकटेच वेडे आहोत असं वाटण्यात एक सुख असतं. ते सुख चैत्रातल्या एका दुपारी शंकरअप्पांनी हिरावून घेतलं.

शंकरअप्पा वालूरचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, गावात किराण्याचं दुकान आणि गावाबाहेर काळीभोर जमीन. मी सायकलवरून चाललो होतो, तर हे गृहस्थ भर उन्हात रानातल्या भेगेत बांबू खुपसून ओणवे झालेले.

"अप्पा, काही पडलं का?"

"पडलं न्हाई. मागल्या सालीबी हितंच फाटली व्हती. औंदा बी हितंच. खुंट्या ठोकून ठिवल्यात." त्यांनी घाम पुसला. "मधी नांगरट झाली, पाऊस झाला, पीक निघालं. तरी बरूबर त्याच रेघंवर फाटली. जमिनीला याद ऱ्हाती का काय, ते बघायलोय."

मी सायकलवरून उतरलो. जमिनीला आठवण असते का? आमच्या शाळेच्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांत मिळून एवढा मोठा प्रश्न नव्हता. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांना जांभयांचा नकाशा दाखवला. अप्पांनी तो उन्हात धरून नीट बघितला. हसले नाहीत. एका बाणावर बोट ठेवून म्हणाले, "हे पोरगं मधी बसून बी सुटलं कसं?"

आमचं मंडळ तिथंच निघालं, भर रानात, दोन माणसांचं.

आता मंडळ म्हटलं की बैठक आली, आणि त्या काळी आमच्याकडं बैठकीला परवानगी लागे. सभा, भाषण, वाचन, काहीही करायचं तर अर्ज, अर्जात विषय, विषयावर शेरा. आम्ही विषय काय लिहिणार होतो? भेगा? जांभया? वर मी सरकारी नोकर. विनापरवाना सभेत सापडलो तर घरी बसायची पाळी.

"हुरड्याला कुनाची परवानगी लागत न्हाई, मास्तर," अप्पा म्हणाले.

आणि खरंच, कुठल्या कायद्यात होतं? पौष-माघात चार माणसं आगटीभोवती बसली तर त्यांना उठवायला कोण येणार? शाळेला शुक्रवारी सुट्टी. मी शुक्रवारी सकाळी सायकल हाणत वालूर गाठायचो. सेलूच्या जिनिंगातला बाबू फिटर माझ्या मागे कॅरेजवर. वालूरहून सरूबाई आणि हुसेनभाई चुडीवाले. अप्पांचं शेत, अप्पांची कणसं. नियम दोनच. पहिला अप्पांचा: प्रश्न ठेवल्याशिवाय कणीस नाही. प्रश्न उसना चालायचा नाही, स्वतः पाठलाग केलेला पाहिजे. दुसरा माझा: प्रश्नाला हसायचं नाही. उत्तराला पोट धरून हसा.

बाबू फिटर म्हणायचा, सरकी वेगळी करताना जिनाचा जो आवाज होतो, त्यावरून कापूस कुठल्या गावचा ते सांगता येतं. डोळे मिटून तो सांगायचा, आणि नेमानं चुकायचा. आम्ही पोट धरून हसायचो, तोही हसायचा, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा नव्या चुका घेऊन यायचा. चुकांची त्यानं यादी ठेवली होती. तो म्हणायचा, "येवढं समदं चुकलं, म्हंजी आता बरूबर यायला जागाच कमी ऱ्हायली." हुसेनभाई घरोघर बांगड्या भरायचे. त्यांचं म्हणणं, बाया भाव करतात दखनीत, कारण भाव करणं म्हणजे नाटक. पण बांगडी टचकन फुटली आणि हाताला लागली की ज्या त्या भाषेत आई आठवते. कुठल्या गल्लीत कुठली आई, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. ते बोलत असताना हात हवेत अशा गोलाईत फिरायचे, जणू शब्दालाही कोपरापर्यंत चढवतायत.

आणि सरूबाई. चाळिशीतली बाई, नवरा नव्हता, चार एकर स्वतः कसायची. अक्षर येत नव्हतं. पहिल्या शुक्रवारी ती कमरेला गुंडाळलेली सुतळी सोडून बसली. लांबच लांब, जागोजागी गाठी.

"ह्या काय गाठी, सरूबाई?"

"गावं हायेत. जात्यावरल्या गान्यात ज्वारीची नावं येत्यात. आमच्या वालूरात बाया गूळभेंडी म्हंत्यात, दगडी म्हंत्यात. पन एक नाव येतं, झिपरी. तिला कुसळं, म्हून पाखरू शिवंना, आसं गान्यात हाय. मी म्हनलं, झिपरी बघितली कुनी? कुनीच न्हाई. जिनं गायली तिनंबी न्हाई. मग मी माहेराला, लग्नाला, बाजाराला जाईन तितल्या बायांसंगं दळाय बसायली. जिथं झिपरी गावली तिथं गाठ. जिथं दोनदा गावली तिथं दोन."

ती सुतळी तिनं जमिनीवर पसरली तशी आम्ही सगळे कोंबड्यांसारखे माना वाकवून बघत राहिलो. वालूरपाशी एखाददुसरी गाठ. दुधना नदीच्या काठाकाठानं जसजसं पुढं जावं तसतशा गाठी दाट. एका टोकाला तर सुतळी हाताला टोचावी इतक्या.

"मग?" अप्पांनी विचारलं.

"मग तिथं गेले. एका घरी आढ्याला चार कणसं टांगलेली. म्हातारी म्हनली, सासूनं टांगलीत, काढू नको म्हनली व्हती." सरूबाईनं पदराची गाठ सोडली. आत एक कणीस. काळपट, बारीक दाण्याचं, लांब कुसळांचं. विंचरलेलंच नाही असं.

मी तुम्हाला सांगतो, मी पुढं हैदराबाद पाहिलं, मुंबई पाहिली, मोठमोठ्या विद्वानांची व्याख्यानं ऐकली. पण गाण्यातला एक शब्द पदरातून बाहेर येऊन सुपात पडताना मी एकदाच पाहिला.

अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला भाषण सुचतं. मी उभा राहिलो. हात पसरून म्हणालो, "मंडळी, आपल्या वालूरची बारव बघा! पायऱ्या गोल गोल फिरत उतरतात. कुणी इकडून उतरो, कुणी तिकडून, सगळे शेवटी एकाच पाण्याला पोचतात. तसंच आपण..."

"मास्तर," सरूबाई मधेच म्हणाली, "समद्यांनी येकाच पान्याला कशापाई जायाचं?"

माझा हात हवेतच राहिला.

"बाबूला आवाजाकडं जायचंय. अप्पाला भेगंत. मला झिपरीकडं. ही बारव बिरव तुमच्यापाशीच ठिवा. बसा, कणीस जळायलंय."

मी बसलो. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या अंगात उभं आहे. आपण फार लवकर सगळं एका पाण्याला नेऊन सोडतो. झिपरी सापडली म्हणून गाण्याचा अभ्यास शहाणपणाचा, आणि बाबूचा कापूस चुकला म्हणून तो वेडा, असं म्हणायला जीभ वळवळते. मी त्या जिभेला आजही आवरतो. आवाजाच्या मागं जाणारा माणूस पोचला नाही तरी तो जात होता, आणि त्या वाटेवर दुसरं कुणीच नव्हतं.

माघ लागला. त्या शुक्रवारी ऊन चांगलं तापलं होतं. मी विस्तवातून कणीस काढत होतो आणि बांधावर घोडं दिसलं. अमीनसाहेब. अमीन म्हणजे तेव्हाचे फौजदार. सोबत एक जवान.

"क्या चलरा जी यहाँ? मजलिस है क्या?"

"न्हाई सरकार, हुरडा हाय," अप्पा म्हणाले.

"इतने लोगां?"

"कणसं बी लय हायेत."

अमीनसाहेबांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. माझ्यावर नजर जरा जास्त थांबली. सेलूच्या शाळेत त्यांनी मला पाहिलं असणार. मी हसायचा प्रयत्न केला. ते घोड्यावरून उतरले, कांबळ्यावर बसले. सरूबाईनं कणीस चोळलं, सुपात पाखडलं आणि पळसाच्या पानावर हिरवा हुरडा गुळासकट पुढं सरकवला. साहेबांनी हात पुढं केला.

आणि बाबू फिटर, ज्याच्या तोंडात तो नियम इतक्या शुक्रवारी बसला होता की मेंदूला विचारायची त्याला गरजच पडत नसे, सरळ म्हणाला, "आधी प्रश्न ठेवा, साहेब."

माझ्या मुठीत विस्तवातून नुकतंच काढलेलं दुसरं कणीस होतं. ते मी सोडायला हवं होतं, पण त्या क्षणी मी जगातलं काहीही सोडायला तयार नव्हतो. तळहात चरचरला. तोच हा डाग.

"कैसा सवाल?" अमीनसाहेब म्हणाले.

बाबूचा चेहरा कापसासारखा पांढरा. अप्पांचे ओठ हलले, बहुधा शिवाचं नाव. बोलली ती सरूबाई.

"ज्याचं उत्तर तुमाला ठावं न्हाई, अन् तरी त्याच्यामागं तुमी हिंडताव, आसा. हितं बसनाऱ्या समद्यांपाशी हाय येकेक. तुमच्यापाशी नसंल तर नुसता गूळ खावा. गुळाला काई न्हाई."

नुसता गूळ! वीस वर्षं कमरेला पट्टा बांधलेल्या माणसाला हे फार लागलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "है. एक है. बीस साल से देखरौं मैं. आदमी अपना बोझा लेके चला, तो मिट्टी में एड़ी गहरी. चोरी का माल लेके चला, तो पंजा गहरा. वजन उतनाच. कायकू?"

आणि मग काय सांगू! त्यांनी बोटानं मातीत पावलं काढली. ओली माती, कोरडी माती, चढ, उतार. बाबू विसरला की हा फौजदार आहे. त्यानं अप्पांचं ज्वारीचं पोतं डोक्यावर घेतलं आणि चालून दाखवलं. "आता चोरलं म्हून चाल," अप्पा ओरडले, आणि बाबू खरंच चोरासारखा चालला. सगळे ओणवे होऊन ठसे बघायला लागलो, जवानसुद्धा.

"भ्या आसतं, साहेब," अप्पा म्हणाले.

"डर तो अपने माल का भी होता जी."

"आपलं वझं घराकडं चाललेलं आसतं," सरूबाई म्हणाली. "मानूस निवांत टाच टेकितो."

अमीनसाहेबांनी खिशातून डायरी काढली आणि हे वाक्य, मी डोळ्यांनी बघितलं, तिच्यात लिहून घेतलं. जाताना घोड्यावरून म्हणाले, "हुरडा अच्छा था. रिपोर्ट में येइच लिखूँगा." आणि तसंच लिहिलं.

इथं गोष्ट संपली असती. पण मला देवानं जी जीभ दिली आहे ती बघता कुठलीच गोष्ट वेळेवर संपत नाही. आठवड्याच्या आत मी सेलूत शिंप्याच्या दुकानात बसून आमच्या मंडळाची अशी रसभरित वर्णनं केली की सदऱ्याचं माप घ्यायला आलेली माणसं माप न देता बसून राहिली. अमीनसाहेबांचं नाव काढलं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. बाकी सगळं ओतलं. त्यातल्या कुणीतरी ते पुढं वाहून नेलं, आणि मला परभणीहून बोलावणं आलं.

शिक्षणखात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांना तेव्हा मोहतमिम म्हणत. हे आमच्याच भाषेचे होते, विलायतेत शिकून आलेले. स्वच्छ टेबल, स्वच्छ नखं. राग नव्हता त्यांना. राग असता तर मी नाटक करून निभावलं असतं. त्यांना माझी कीव आली होती.

"मास्तर, मी विलायतेत चार वर्षं फक्त एका जातीच्या कोळ्याच्या जाळ्याचा अभ्यास केला. संशोधन त्याला म्हणतात. एक विषय, एक पद्धत. तुम्ही काय जमवलंय? भेगा, बांगड्या, दळणाची गाणी आणि जांभया?"

मी खरोखर मोहरून गेलो. "साहेब, कोळी जुनं जाळं मोडतो तेव्हा धागा टाकून देतो का खातो?"

त्यांचे डोळे एकदम लकाकले. "खातो! म्हणजे सगळेच नव्हे, पण माझा..." आणि पाच मिनिटं तो माणूस साहेब नव्हता. टेबलावर बोटानं जाळी काढत होता, अमीनसाहेब मातीत काढत होते तशीच. मला राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, शुक्रवारी या ना हुरड्याला. तुमच्यापाशी प्रश्न आहे."

बोट थांबलं. साहेब परत खुर्चीत आले. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. मजकूर तयार होता. सदर शेतात अडाणी लोकांनी हुरडा खाल्ला व निरर्थक गप्पा मारल्या; विद्येचे कोणतेही काम झाले नाही. खाली माझ्या सहीची जागा.

"सही करा, प्रकरण मिटलं. विनापरवाना सभा नव्हती, नुसत्या गप्पा होत्या. नोकरी राहील. आणि हो, त्या ज्वारीचं मात्र मला रुचलं. ते उपयोगी आहे. कणीस आणून द्या, मी सरकारी शेतीकडं पाठवतो. तेवढं एक काम तुमच्या नावावर लागेल. बाकीचं सोडून द्या. आठ दिवस देतो."

परतीच्या गाडीत मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. यातली गंमत तुमच्या लक्षात आली का? 'नुसता हुरडा आहे' हे आम्हीच तर जगाला सांगत होतो! आमचाच पडदा साहेबांनी काढून माझ्या तोंडावर टाकला होता, आणि आता मला त्याच्याखाली कायमचं झोपायला सांगत होते. अमीनाला तोंडी थाप मारणं वेगळं. पण हे लिहून द्यायचं होतं. माझ्या अक्षरात. बाबूच्या चुकांची यादी, हुसेनभाईंच्या गल्ल्या, अप्पांच्या खुंट्या, सगळं निरर्थक. एक कणीस उपयोगी. मला उपयोगाचा राग नाही. पण एकाला पाट देण्यासाठी बाकीच्यांना पंगतीतून उठवायचं, ते मला जमणार नव्हतं. जमणार नव्हतं म्हणतो खरा. गाडीत मी घाबरलेलोच होतो. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दोन लेकरं, आणि माझ्या हाताला हिशेब शिकवण्यापलीकडं कुठलंच काम येत नव्हतं.

कणीस सरूबाईचं होतं. म्हणून आधी तिच्याकडं गेलो. ती रानात हरभरा सोलत होती. मी कागद वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावलं.

"झिपरी न्यायची म्हनतो तर नेऊ द्या," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या काय बापाची हाय? पन झिपरीच्या मागं गानं हाय. गान्याच्या मागं किती बाया, सुतळी बघा. त्यास्नी गप्पा मारनाऱ्या म्हून लिव्हनार अन् त्यांचं कणीस तेवढं उचलनार? मग आढ्याला टांगलेलंच ऱ्हाऊ द्या म्हनावं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं तुमी बघा, मास्तर. तुमच्या घरी लेकरं हायेत. सही केली तरी मी तुमाला कणीस देईन. पन प्रश्न इचारनार न्हाई."

एवढंच. याहून मोठी शिक्षा मला कुठल्या खात्यानं कधी दिली नाही.

मधेच सांगतो, परवा इथपर्यंत आल्यावर विनायकनं विचारलं, "ती झिपरी पुढं चालली का?" चालली म्हणजे काय! अप्पांनी बांधाला लावली, जुन्या दाण्यांतले चारच उगवले, पण उगवले. चव तुरट. गाण्यात पाखरू शिवत नव्हतं. शेतात निम्मी पाखरं शिवायची. म्हणजे गाणं निम्मं खरं निघालं. सरूबाई त्यावर खूश. कुठल्या पाखरांना गाणं माहीत नाही, हा तिचा पुढचा प्रश्न. विनायकनं विस्तव उकरला. मग त्यानं पेन काढलं, फॉर्म मांडीवर घेतला आणि दोन्ही रकान्यांवर एवढी ठळक खूण केली की कागदाला भोक पडलं. "बाद झाला तर?" म्हणाला. मी त्याच्यासमोर कणीस धरलं.

तर तो आठवा दिवस. सकाळी उंबऱ्यापाशी उजेडात मी लिहायला बसलो. सही केली नाही. त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, मराठीत, सुवाच्य अक्षरात यादी लिहिली. जमिनीला आठवण असते का: शंकरअप्पा, वालूर. बांगडी फुटल्यावर कुठल्या भाषेत आई आठवते: हुसेनभाई. जिनाच्या आवाजावरून कापसाचं गाव, चुकांच्या यादीसह: बाबू फिटर, सेलू. दळणाच्या गाण्यातली ज्वारी: सरूबाई. तिघांनी आणि तिनं नावं घालायला स्वतः सांगितलं होतं. आपलं ओझं आणि चोरीचं ओझं, पावलांचे ठसे: एक पाहुणे. जांभईचा प्रवास: मी. वर लिहिलं, सदर शेतात खालील विद्येचं काम झालं. हुरडाही झाला.

बायको मागं उभी राहून वाचत होती. ती कधी शेतावर आली नव्हती. लेकरं आणि सासरे सोडून कुठं येणार? मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो, कारण या कागदानं सगळ्यात आधी तिची चूल विझणार होती.

"अहो, माझा राहिला," ती म्हणाली.

"तुझा काय?"

"प्रश्न. लग्न झाल्यापासून बघायलेय. माणूस खोटं बोलला की कान लाल होतो. तुमचा डावा आधी होतो. सासऱ्यांचा उजवा. असं का?"

एवढी वर्षं माझ्यावर संशोधन चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता!

"लिहा की," ती म्हणाली. "नाव घाला. शिंप्याच्या दुकानातून आलात त्या दिवशी तर दोन्ही झाले होते."

सातवा विषय लिहिला. खाली तिचं नाव घातलं आणि परभणीची गाडी धरली.

साहेबांनी कागद उलटा केला, वाचला, वरपासून पुन्हा वाचला. "हे पाहुणे कोण?"

"हुरड्याला आलेल्या पाहुण्याचं नाव सांगायची आमच्याकडं रीत नाही, साहेब."

"तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? तुम्ही स्वतःच्या हातानं कबुली दिलीत."

"म्हणूनच अक्षर सुवाच्य काढलंय."

दुपारची वेळ. दाराशी शिपाई उभा होता, त्यानं तोंडावर हात नेला. मी तिकडं बघितलं, मग साहेबांकडं. साहेबांचे जबडे आवळले, नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडलं नाही त्यांनी, तेवढा त्यांचा मान. पण मी खिशातून वही काढली आणि त्यांच्यादेखत एक बाण मारला, दारापासून टेबलापर्यंत. त्या बाणासाठी वेगळी शिक्षा असती तर तीही मी आनंदानं घेतली असती. बडतर्फीचा हुकूम मात्र एकच निघाला.

पुढं राज्य गेलं, दुसरं सरकार आलं, मला पुन्हा शाळेत घेतलं. मधली वर्षं कशी काढली ती काढली. त्याचं रडगाणं गायला ही जागा नाही, आणि गायलो तर शेजारी बसलेली बाई कानांकडं बघते.

त्या दिवशी गाडी सेलूला आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बायको सुपात ज्वारी पाखडत होती. मी समोर उभा राहिलो.

"गेली नोकरी?"

"गेली. मला त्याचं काही वाटत नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. डावा कान बघितला. मग दुसरीकडं वळवून उजवा बघितला. पुन्हा एकदा डावा, नीट, जवळून.

"आज काही सापडलं नाही," ती म्हणाली, आणि सूप उचललं.